सहावी बॅटरी

९ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

फोन करून उपयोग नाही. रविवारी तू आईशी बोलत असतोस आणि मागून माझा आवाज आला की "बरं, ठेवतो" म्हणतोस. सहा वर्षं ऐकतेय. म्हणून पत्र. आमच्या कंपनीच्या विमानात काम करणारी एक बाई उद्या तिकडे येतेय, ती उतरल्यावर पेटीत टाकेल. पाकिटावरचं अक्षर ओळखून फाडू नकोस. काम आईचं आहे.

आईला तुझ्याकडे यायचं आहे. पाहुणी म्हणून नाही, राहायला. गेल्या मंगळवारी छातीच्या डॉक्टरांसमोर तिनं हे जाहीर केलं, मला आधी एका शब्दानं न विचारता. डॉक्टर माझ्याकडे बघायला लागले, मी छताकडे. बाहेर आल्यावर म्हणाली, "सहा वर्षं तुझ्याकडे राहिले, आता त्याच्याकडे राहते. तुम्ही दोघं बोलत नाही, त्याची शिक्षा मी का भोगू?" याचं उत्तर तुला सुचलं तर कळव.

डॉक्टरांचं म्हणणं थोडक्यात असं. तिच्या फुप्फुसांना एक लांबचा प्रवास झेपेल. परतीचा धरूच नका. विमानात पूर्ण वेळ ऑक्सिजनचं मशीन चालू हवं. वीस जानेवारीच्या आत निघालात तर ते कागदावर सही करतील. त्यानंतर हिवाळा तिला किती पिळून काढेल ते सांगता येत नाही, आणि सहीचंही सांगता येत नाही. म्हणजे यायचं तर आत्ताच.

आता अंतराचं. तू आईला सांगितलंस की आपल्या दोन शहरांमध्ये चौदा हजार किलोमीटर आहेत. कारखान्यातल्या भिंतीवरच्या नकाशावर पट्टी ठेवली असशील. पृथ्वी म्हणजे तुझ्या टेबलाची फळी नव्हे रे. गोलावर दोरा ताणून बघ, दोरा उत्तरेला वर चढून मग खाली उतरतो आणि तरी तुझ्या पट्टीपेक्षा कमी भरतो. बारा हजार चारशे ऐंशी. हे अंतर मला झोपेतून उठवून विचारलंस तरी सांगेन.

पण अंतरानं वेळ कळत नाही, वाऱ्यानं कळते. तुझ्याकडून इकडे येताना वारा पाठीशी असतो, तेरा तासांत विमान उतरतं. इकडून जाताना तोच वारा समोरून येतो. जानेवारीत चौदा तास पन्नास मिनिटं. आमच्या कंपनीचा नियम आहे की मशीनच्या बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील एवढ्या जवळ हव्यात, सीटजवळच्या प्लगवर विसंबायचं नाही. दीडपट म्हणजे सव्वाबावीस तास. एक बॅटरी साडेचार तास चालते. पाच बॅटऱ्या म्हणजे साडेबावीस. पंधरा मिनिटं वर. पाचही घेऊन झाल्या, कपाटात ओळीनं ठेवल्यात.

मी तिला घेऊन येईन, तुझ्या दारात सोडेन आणि दुसऱ्या दिवशीच्या विमानानं परत फिरेन. माझ्याशी बोलावं लागणार नाही. तू फक्त तिला उशाकडून उंच होणारा पलंग करून ठेव. सपाट झोपली की तिला धाप लागते. हे काम तुझ्याइतकं चांगलं कोणी करणार नाही, हे मी रागातसुद्धा मान्य करते.

ताई

२४ नोव्हेंबर

प्रिय धाकट्या,

पलंगाचा फोटो आईच्या फोनवर आला. तिनं तो शेजारीपाजारी, औषधवाल्याला आणि लिफ्टमध्ये भेटलेल्या एका अनोळखी माणसालाही दाखवला. उशाकडचा दांडा तिच्या हाताला येईल एवढ्याच उंचीवर ठेवलास, हे तिनं मला तीन वेळा सांगितलं. चौथ्यांदा मी म्हणाले, "कळलं गं, तुझा लेक हुशार आहे." म्हणाली, "लेक दोन्ही हुशार आहेत. अक्कल तेवढी वाटायची राहिली."

रविवारी तू तिला निरोप दिलास तोही पोचला. "ताईला सांग, या खेपेला विमान सरळ रस्त्यानं आण." आईनं तो शब्दशः दिला. तिला वाटलं तू थट्टा करतोस.

थट्टा नाही, हे मला माहीत आहे. बाबा गेले तेव्हा तू ज्या विमानानं आलास, त्याचा मार्ग तू वेबसाइटवरून छापून घेतला होतास. एरवीचा रस्ता सोडून दक्षिणेला पोट सुटलेली रेघ. ती रेघ जोडून कंपनीला पत्र लिहिलंस आणि उत्तर आलं, "ऑपरेशनल कारणास्तव." सात चाळीसला उतरणारं विमान आठ अठ्ठावीसला उतरलं, पुढे तू सकाळच्या गर्दीत सापडलास, तुझा तिकडचा फोन इकडे चालत नव्हता, आणि दहा वीसला दारात आलास. बाबांना दहाला नेलं होतं. मी आईजवळ मागे राहिले होते, दार मीच उघडलं. तू विचारलंस, "माझ्याशिवाय नेलंच कसं?" मी म्हणाले, "उशीर होणार हे आम्हाला कुठे माहीत होतं?" तू म्हणालास, "तुला विमानं कळतात, माणसं कळत नाहीत." चार दिवस राहिलास, बॅग पूर्ण उघडलीही नाहीस.

या विषयावर मला बोलायचं आहे, पण आज नाही. आज आईचं.

येत्या शनिवारी आम्ही घरात तालीम घेणार आहोत. खिडकीजवळची खुर्ची म्हणजे सीट. सकाळी सहाला बसायचं, चौदा तास पन्नास मिनिटांनी उठायचं. मधे तासातासानं दोन फेऱ्या, ठरलेल्या वेळी जेवण, मशीन पूर्ण वेळ बॅटरीवर. विमानात काय होईल ते विमानात कळून चालत नाही. तुझ्याकडेही खुर्ची लाकडात कापण्याआधी पुठ्ठ्यात कापतात ना, तसंच.

ताई

२ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

तालीम झाली. आई पास झाली, मी नापास.

सुरुवात छान झाली. आई पावणेसहालाच तयार, पर्स मांडीवर, पायात बूट. मी म्हटलं, "घरात बूट कशाला?" म्हणाली, "विमानात अनवाणी बसू का?" सहाला मशीन लावलं आणि मी भिंतीवरच्या घड्याळाखाली वही घेऊन बसले. पहिली बॅटरी साडेचार तासांवर सात मिनिटं जास्त चालली. दुपारपर्यंत आईला एवढी मजा यायला लागली की ती मला "अहो हवाईसुंदरी" म्हणून हाका मारायला लागली. "अहो हवाईसुंदरी, पाणी. अहो हवाईसुंदरी, हे गार आहे. तुमच्या साहेबांना बोलवा, मला तक्रार करायची आहे."

"साहेब मीच आहे," मी म्हटलं.

"मग तुमच्याविरुद्धच करते. ही खुर्ची चालू कधी झाली?"

"सहाला. विमान उडालं तेव्हा."

"आणि मी चढले कधी?"

"चढलीस म्हणजे?"

"अगं, चाकाच्या खुर्चीवाल्यांना सगळ्यांच्या आधी चढवतात ना? आणि सगळे उतरल्यावर शेवटी उतरवतात. मधे ते विमान बसस्टॉपवर उभं राहिल्यासारखं रांगेत उभं असतं. तेवढा वेळ मी श्वास घेऊ नको का?"

धाकट्या, मी वही मिटली.

आमच्या ऑफिसातल्या खोलीत विमानाची चाकं सुटली की घड्याळ सुरू होतं आणि चाकं टेकली की बंद. जमिनीवरचा वेळ वेगळ्या रकान्यात असतो, कारण जमिनीवर वारा नसतो आणि माझं सगळं काम वाऱ्याशी. सव्वीस वर्षं विमान कोणत्या रस्त्यानं जाईल आणि किती इंधन घेईल यावर मी सही करतेय. आईचा प्रवासही त्याच घड्याळानं मोजला. एखाद्या दुकानदारानंही ही चूक केली नसती. त्यानं दार बंद होण्यापासून दार उघडेपर्यंत मोजलं असतं, कारण माणूस तेवढा वेळ आत असतो.

पुन्हा मांडणी केली. निघताना पंचवीस मिनिटं, उतरल्यावर पंधरा. साडेपंधरा तास. दीडपट म्हणजे सव्वातेवीस. माझ्याकडे साडेबावीस. पाऊण तास कमी. आमचाच माणूस विमानाच्या दारात बॅटऱ्यांचा हा हिशेब तपासतो आणि पाऊण तास कमी असलेल्या माणसाला चढू देत नाही. देऊही नये. त्याच्या जागी मी असते तर मीही दिलं नसतं.

सहावी बॅटरी हवी. मशीनवाल्याला त्याच दिवशी फोन केला. त्यांचं कोठार तुझ्या शहरात आहे, माल बोटीनं येतो, आठ आठवडे. म्हणजे जानेवारीचा शेवट. डॉक्टरांची तारीख वीस.

तुझ्या शहरात ती बॅटरी दुकानात मिळते. पण असली सुटी बॅटरी पार्सलनं विमानात चढवता येत नाही, आग लागण्याची भीती असते. प्रवाशानं हातातल्या सामानात आणली तर चालते. केबिनमधल्या बाईला सांगितलं असतं तर? पत्र आणणं वेगळं, दुसऱ्याची बॅटरी आणणं वेगळं, तिची नोकरी जाईल. आणि मी तिला विचारलंही नाही. मी स्वतः जाऊन आणावी तर दोन-तीन दिवस आईजवळ कोण?

तेव्हा स्पष्ट लिहिते. तू ये. बॅटरी घेऊन ये आणि आईला घेऊन जा. आईनं हे ऐकलं आणि एवढंच म्हणाली, "मग तू कशाला येतेस? एक माणूस पुरे." चेहऱ्यावर चूक पकडल्याचा आनंद होता की दुसरा कसला, ते मला ओळखता आलं नाही. संध्याकाळी पाय सुजले होते, तरी ठरलेली वेळ पूर्ण करूनच उठली.

ताई

३ डिसेंबर

कालचं पत्र लिहून झालं, पण पाकीट बंद केलं नाही. हे त्याच पाकिटात.

तुला बोलवायचं आणि अर्धी माहिती द्यायची, हे मला जमणार नाही. आमच्याकडे वैमानिकाला सगळं सांगितल्याशिवाय सही मागत नाहीत. ऐक, आणि मग यायचं की नाही ते ठरव.

तुला मिळालेल्या उत्तरातली ती ऑपरेशनल कारणं म्हणजे मी. बाबा गेले त्या दिवशी माझी ड्यूटी नव्हती. मी मागून घेतली. घर माणसांनी भरलं होतं, आईजवळ मावशी होती आणि मला बसवत नव्हतं. वाटलं, रडत बसण्यापेक्षा धाकट्याचं विमान आपणच आणू. सहकारी म्हणाला, "तू घरी जा." मी म्हटलं, "हे एक झालं की जाते."

दुपारी पावणेपाचला तुझ्या विमानाचा कागद माझ्यासमोर होता. नेहमीच्या रस्त्यावर वादळी ढगांची रांग, नऊशे किलोमीटर लांब. रांगेत एक फट होती. फटीतून नेलं तर बरोबर तेरा तास, वळसा घातला तर तेरा तास अठ्ठेचाळीस. विमान तिथे पोचेपर्यंत ती फट रुंदावेल की मिटेल, हे कोणी सांगू शकत नव्हतं. विमानात तीनशे बारा माणसं, त्यांतला एक तू. एरवी अशा कागदाला मला चार मिनिटं लागतात. त्या दिवशी एकोणीस लागली. मग मी वळसा आखला आणि सही केली.

आणखी एक गोष्ट सांगते, म्हणजे नंतर दुसऱ्याकडून कळायला नको. त्याच सुमारास दुसऱ्या कंपनीचं एक विमान त्या फटीतून गेलं आणि सुखरूप, वेळेवर उतरलं.

तरी तो कागद आज पुन्हा समोर आला तर मी तीच रेघ आखेन. त्याबद्दल मला पश्चात्ताप नाही आणि मी तो आणणारही नाही. वाईट याचं वाटतं की सहा वर्षं तू त्या रेघेला शिव्या घातल्यास आणि ती कोणी काढली हे मी तुला कळू दिलं नाही.

वीस जानेवारी लक्षात ठेव. माझा राग आला तर माझ्यावर काढ, आईच्या तारखेवर नको.

ताई

१७ डिसेंबर

प्रिय धाकट्या,

सहा वर्षांनी तुझं पत्र आलं आणि त्यात तीन शब्द. "मी नसतो तर?" दुसऱ्या बाजूला काही आहे का म्हणून कागद उलटा केला, तर लाकडाच्या ऑर्डरची यादी. कारखान्यातल्या बिलावरच लिहिलंस ना?

प्रश्न चांगला आहे. मीही स्वतःला विचारलाय, त्यामुळे उत्तर तयार आहे.

तू नसतास तर चार मिनिटांत तीच रेघ आखली असती. तू होतास म्हणून पंधरा मिनिटं जास्त लागली. त्या पंधरा मिनिटांत मी फटीतून नेण्यासाठी एखादं कारण सापडतं का ते शोधत होते. दोन वेळा उपग्रहाचा फोटो नव्यानं मागवला. हवामानवाल्याला फोन केला, त्यानं सांगितलं तेच त्याच्याकडून पुन्हा वदवून घेतलं. तुला वेळेवर आणण्यासाठी जेवढं खोटं स्वतःशी बोलता येईल तेवढं बोलून बघितलं. कारण सापडलं नाही. म्हणजे तू मला अनोळखी असतास तर निर्णय हाच होता, फक्त सोपा होता.

आता माझा प्रश्न, तोही छोटाच. तिकीट कधीचं?

आई म्हणते, त्याला सांग, कोट आण, इथे थंडी आहे. मी म्हटलं, तूच सांग. म्हणाली, "तुमचं सुरू झालंय ना, मग मी कशाला मधे पडू?"

ताई

२ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

घर गप्प आहे. मशीनचा आवाज कानात एवढा मुरला होता की तो बंद झाल्यावर मला पहिले तीन दिवस फ्रीज बिघडल्यासारखा वाटत होता.

काल आईचा फोन झाला. दांडा धरून स्वतःची स्वतः उठते, तुझ्या बायकोला आधाराला येऊ देत नाही, तुझ्या कारखान्यात खुर्ची टाकून बसते आणि कामगारांना पॉलिश कमी झाल्याचं सांगते, असं कळलं. त्यांना माझ्याकडून सहानुभूती. विमानात चार बॅटऱ्यांतच भागलं, पाचवी आणि सहावी पिशवीतून निघालीच नाही, हेही तू आईला सांगायला लावलंस. तुझा आनंद लपला नाही. अरे, न लागण्यासाठीच आणायची असते ती. पण दारातल्या माणसानं सहा मोजल्या आणि मगच बाजूला झाला की नाही?

तू आलास ते पाच दिवस चांगले गेले. उतरल्या उतरल्या, कशी आहेस वगैरे काही नाही, बॅटरी माझ्या हातात दिलीस आणि म्हणालास, "तपासून घे, पूर्ण भरलेली आहे." मी तिथेच तपासली. आई चाकाच्या खुर्चीतून म्हणाली, "झालं का गिऱ्हाईक-दुकानदार? आता घरी चला." गाडीत तू पुढे बसलास, पण आरशातून दोनदा मागे बघितलंस. मी मोजलं.

हे पत्र त्या पाच दिवसांतल्या एका तासाबद्दल आहे.

तू माझी खोली बघायची म्हणालास. मी पास काढला. तुला वाटलं होतं भिंतभर दिवे लुकलुकत असतील. निघालं काय, तर सहा टेबलं, प्रत्येकी तीन पडदे आणि एक डगमगणारी खुर्ची, जी तू बसल्या बसल्या खाली वाकून तपासलीस. माझ्यासमोर एका विमानाचा कागद आला. मी त्यात पंचवीस मिनिटांचा वळसा घातला, सही केली. तू विचारलंस, "यात कोण बसलंय?" मी म्हटलं, "माहीत नाही." तू पडद्यावरच्या वळशावरून बोट फिरवलंस. मग हळूच म्हणालास, "नवी वेळ तुला इथेच कळते?"

मी म्हणाले, "कागदावर छापून येते." आणि पुढचं काम उघडलं.

तू पुढे विचारलं नाहीस. मी उत्तर दिलं खरं, पण ते अर्धं होतं. विमानतळावर निरोप घेताना तू माझ्या पाठीवर हात ठेवलास तेव्हा ते उरलेलं अर्धं मला टोचत होतं. समोर बोलायला जमलं नाही. कागदावर जमतं.

त्या दिवशी छापून आलेली वेळ मी वाचली होती. आठ अठ्ठावीस. सही करतानाच मनात पुढचं मांडलं गेलं. उतरल्यावरची रांग, बॅगा, आणि उशिरा उतरल्यामुळे नेमकी लागणारी सकाळची गर्दी. सव्वादहाच्या आत तू दारात येणं शक्य नव्हतं. विद्युतदाहिनीची वेळ साडेदहाची मिळाली होती, निघायचं दहाला. हे सगळं मला आदल्या दिवशी संध्याकाळी पाचच्या सुमारास माहीत होतं. दुसऱ्या कुणालाच नव्हतं.

सकाळी नऊला काकांनी मला विचारलं, "पोराचं विमान उतरलं का गं?" मी म्हणाले, "उतरलं असेल, येईल एवढ्यात." साडेनऊला पुन्हा विचारलं. मी तेच म्हणाले. दहाला ते म्हणाले, "आता निघायला हवं." मी मान हलवली.

उशीर होणार म्हटलं असतं तर कोणीतरी विचारलं असतं, का? आणि मला सांगावं लागलं असतं, माझ्यामुळे. निर्णय बरोबर होता, पण त्या खोलीत, बाबांच्या शेजारी उभं राहून, तो सगळ्यांना समजावत बसायची माझी हिंमत झाली नाही. वाटलं, उशीर विमानाच्या माथी राहू दे. मग तू आलास, आणि मी तुला दारात सांगितलं की आम्हाला माहीत नव्हतं.

महिन्याभरानं मी दाहिनीवर जाऊन तिथल्या माणसाला विचारलं. त्या दिवशी साडेदहानंतर दीड वाजेपर्यंत एकही नोंद नव्हती. "सांगितलं असतं तर अकरा केले असते," तो म्हणाला. "लोक नेहमीच सांगतात."

ढगांमुळे तुला अठ्ठेचाळीस मिनिटं उशीर झाला. बाबा मात्र तुला माझ्या गप्प बसण्यामुळे दिसले नाहीत. वळशाबद्दल मी माफी मागत नाही, हे तुला दोनदा लिहिलं, तिसऱ्यांदाही लिहीन. याबद्दल मागते. तू म्हणाला होतास की मला माणसं कळत नाहीत. त्या सकाळपुरतं ते खरं होतं.

मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात मला दहा दिवसांची रजा मिळतेय. आईला बघायला यायचा विचार आहे. हे वाचून मी तुझ्या घरात नको असले तर तसं कळव. मी जवळच्या हॉटेलात उतरेन आणि तू कारखान्यात असशील तेव्हा तिला भेटून जाईन. त्याचा राग धरणार नाही. राग धरायची पाळी माझी नाही.

ताई

२१ फेब्रुवारी

प्रिय धाकट्या,

एकोणीस दिवस. या वेळी पाकीट जड लागलं म्हणून आधी हातात धरूनच बसले. आत चार पानं, आणि त्यातली पहिली तीन मला चांगली झोडपणारी. सगळी वाचली. कशालाच उत्तर देत नाही, कारण त्यातलं काही खोटं नाही. फक्त "तू लहानपणापासूनच अशी" याला माझी हरकत आहे. लहानपणी खिडकीची काच तू फोडली होतीस आणि नाव माझं सांगितलं होतंस.

चौथ्या पानावर लिहिलंस की आईनं दोन दिवस माझं पत्र आपल्या पर्समध्ये ठेवलं, तुला परत दिलंच नाही, आणि तिसऱ्या दिवशी जेवताना म्हणाली, "मला त्या सकाळीच शंका आली होती. पण मी विचारलं असतं तर ती मोडली असती, आणि घरात उभं राहिलेलं माणूस तेवढं एकच होतं." हे मला तिनं कधीच सांगितलं नाही. मी हे वाक्य वाचून उठले आणि विनाकारण सगळ्या खिडक्या उघडून आले.

मग तुझी शेवटची ओळ. "हॉटेल वगैरे नाटकं नकोत. कितीला पोचशील ते नीट कळव. जेवायला एकत्र बसायचं आहे."

तर नीट कळवते, आणि या वेळी सगळे रकाने धरून.

चौदा मार्च. तोवर वारा थोडा उतरलेला असतो, त्यामुळे हवेत चौदा तास पस्तीस मिनिटं. निघताना पंचवीस, उतरल्यावर पंधरा. मला मागून दुसरी रांग मिळाली आहे, तेव्हा बाहेर यायलाच वीस मिनिटं. पुढे कागदपत्रांची रांग, बॅग, तुझ्या घरापर्यंतचा रस्ता. विमान तुमच्या घड्याळात बारा चाळीसला टेकेल. मी दारात सव्वादोनला. त्या दिवशी कागदावर कोणीतरी वळसा घातला तर तीन.

आईला एवढा वेळ भूक धरवणार नाही, तिला आधी वाढ. तू आणि तुझी बायको, तुम्ही दोघं माझ्यासाठी थांबा.

ताई